पाच सेलवर चाललेलं ड्रिल

“याची बॅटरी कधीच गेली. जिथून काढलंत तिथे ठेवून द्या,” पाटणकर साहेब म्हणाले.

मी स्टोअरच्या दारात उभा होतो. हातात एक ड्रिल मशीन. वायर नसलेलं, बॅटरीवर चालणारं. आमच्या भागात तेव्हा असलं यंत्र कोणी पाहिलंही नव्हतं. बाहत्तरच्या दुष्काळात बोअर पाडायला एक परदेशी तुकडी आली होती. जाताना ते लोक बरंच सामान आमच्या खात्याला देऊन गेले, त्यातलं हे. चारपाच वर्षं फळीवर पडून होतं.

मी चिखली भागात हातपंपांचा मेकॅनिक होतो. उंद्रीच्या पलीकडे, नाल्याच्या वरच्या अंगाला, तीसेक घरांची एक वस्ती होती. विहीर होती, पण एप्रिलात तिचा तळ दिसायचा. मग पाण्याला एकच हातपंप. तो आठ दिवसांपासून बंद होता.

हातपंपाचं काम साधं असतं. काँक्रीटमध्ये रोवलेला लोखंडी स्टँड, त्यावर बोल्टांनी कसलेलं डोकं, आणि डोक्याला दांडा. इथे तीन बोल्ट गंजून तुटले होते आणि डोकं निसटून पडलं होतं. बोल्टांचे खालचे तुकडे मात्र स्टँडच्या कड्यात घट्ट बसलेले. ते ड्रिलने पोखरून काढल्याशिवाय नवे बोल्ट बसणार नव्हते. आमचं हातड्रिल बाजूची मूठ फिरवून चालवायचं. पण या पंपाचं कडं एका ओतीव पेटीच्या आत होतं. मूठ अर्धा फेरा फिरली की पेटीवर आदळायची. मी दोन दिवस घासून पाहिलं. बोटांची सालं गेली, बोल्ट हलला नाही. विजेचं ड्रिल होतं, पण वस्तीत वीज नव्हती.

“जनरेटर मागवलाय,” साहेब म्हणाले. ते पुण्याचे, आमचे उपअभियंता. माणूस सरळ, पण नियमाचा पक्का. “तीन आठवड्यांत येईल. नाहीतर ओटा फोडून नवा स्टँड बसवू. तो मात्र स्टॉकमध्ये नाही.”

“साहेब, लोक नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी पिऊन राह्यले. चार जणांले हगवण लागली. एक म्हातारी चिखलीच्या दवाखान्यात सलाईनवर आहे.”

“मग बंद पडलेल्या यंत्राने काय होणार, वानखडे?”

“मले एकदा उघडून पाहू द्या.”

“सरकारी वस्तू आहे. आणखी बिघडली तर?”

“माझ्या नावावर लिहा.”

साहेबांनी खरंच लिहून घेतलं. सही करून मी ड्रिल घेतलं.

त्याच्या मुठीत सहा सेल होते, बोटभर उंचीचे, स्टीलच्या डब्यांसारखे, एकामागे एक जोडलेले. हे निकेल-कॅडमियमचे सेल. टॉर्चचा सेल संपला की फेकायचा, हे मात्र पुन्हा पुन्हा चार्ज होतात. एकेक सेल सव्वा व्होल्टचा. सहा मिळून साडेसात. मी पट्ट्या सोडवून प्रत्येकाला टॉर्चच्या सेलवरून थोडा वेळ चार्जिंग दिलं आणि मग मीटर लावलं. चार सेलवर काटा हलला. दोनवर अगदी शून्य.

इतकी वर्षं कोणी हात न लावता चार सेल जिवंत होते. मी पुन्हा मोजलं. चारच.

हे सेल रिकामे पडून राहिले तरी सहसा खराब होत नाहीत, हे मला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने सांगितलं होतं. पण आत केसासारखे बारीक धातूचे तंतू वाढतात आणि दोन्ही टोकं आतल्या आत जोडून टाकतात. मग कितीही चार्ज करा, वीज तिथेच जिरते. त्यावर त्याने एक उपाय सांगितला होता. मोठ्या बॅटरीचा एकच जोरदार झटका द्यायचा, तंतू जळून जातात. सेल फुटूही शकतो. घरी कोणी करून पाहू नये. आजच्या लिथियमच्या सेलवर तर मुळीच नाही, ते पेट घेतात.

मोठी बॅटरी जीपमध्ये होती आणि जीप गफूरभाईंकडे. वीस वर्षं जीप चालवणारे ड्रायव्हर. गाडीला कोणी नुसता हात लावला तरी त्यांना चालायचं नाही.

“गाडीची बॅटरी काऊन पाह्यजे तुले?”

मी सांगितलं.

“फुटलं तं?”

“म्हणून तर चष्मा लावला. तुम्ही लांब उभे राहा.”

“लांब कशाले? गाडी माही आहे,” असं म्हणून ते टायरच्या मागे जाऊन बसले.

मी सेल विटांच्या मध्ये ठेवला आणि वायरचं टोक क्षणभर टेकवलं. चट् करून ठिणगी उडाली. मीटर पाहिलं. शून्य. पुन्हा टेकवलं. तिसऱ्या वेळी काटा हलला आणि हललेलाच राहिला. दुसऱ्या सेलला सात झटके दिले. तो काही उठला नाही. त्याला बाजूला काढून त्या जागी तांब्याची पट्टी जोडली. पाच सेल, सव्वासहा व्होल्ट.

चार्जर सामानात नव्हताच. जीपची बॅटरी बारा व्होल्टची. सरळ जोडली असती तर सेल उकळले असते. म्हणून मध्ये ब्रेक लाइटचा बल्ब जोडला. बल्ब वीज अडवून धरतो आणि मोजकीच पुढे सोडतो. दोन तासांनी बटन दाबलं. ड्रिल घरघरलं आणि फिरायला लागलं. मूळच्यापेक्षा सावकाश फिरत असावं, पण लोखंडाला सावकाशच लागतं. फार जोरात फिरवलं तर पुढचा पोखरणारा बिट तापून बोथट होतो.

गफूरभाई टायरमागून उठून आले. “अबे, हे तं जिवंत आहे!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. जीप नाल्यापर्यंतच जायची. तिथून वस्ती पाऊण मैल, सगळी चढण. म्हणूनच मला बिनवायरचं यंत्र हवं होतं.

पंपाजवळ पार्वताबाई बसलेल्या होत्या. दवाखान्यातली म्हातारी त्यांची सासू. रात्रभर तिच्याजवळ थांबून त्या पहाटेच परत आल्या होत्या. माझ्या हातातल्या यंत्राकडे त्यांनी पाहिलं.

“भाऊ, दोन दिवस तुम्ही काही तरी फिरवूनच राह्यले होते. हे काय नवं?”

“नवं नाही बाई, जुनंच आहे. थोडं तेल मिळंल काय? बिट थंड ठेवायले.”

त्या घरातून वाटीभर करडीचं तेल घेऊन आल्या. घरात तेवढंच असावं, कारण तेलात बुधल्याच्या तळाचा गाळही उतरला होता. मी नको म्हणणार होतो. म्हटलं नाही.

पहिल्या बोल्टाला पंधरा मिनिटं लागली. पार्वताबाई थेंब थेंब तेल सोडत होत्या. लोखंडाची चंदेरी वळी वर येत होती. दुसऱ्या बोल्टालाही तेवढाच वेळ गेला. मी मधूनमधून थांबून मुठीला हात लावत होतो. गरम झाली की विसावा द्यायचा, हा माझा नियम. जमलेल्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या.

तिसरा बोल्ट अर्धा पोखरला आणि ड्रिल मंदावलं. बिट लोखंडात अडकून थांबला.

मागे कोणीतरी म्हणालं, “झालं. आता आणखी तीन हप्ते.”

“कोण म्हणते?” मी म्हटलं. “खाली जाऊन पुन्हा भरून आणतो.”

चढण उतरलो. गफूरभाईंनी इंजिन सुरू ठेवलं, मी बल्ब जोडला. सव्वा तास आम्ही मुठीवर हात ठेवून बसलो. एकदा सेल फार तापले, तेव्हा सोडवून वाऱ्यावर धरले. गफूरभाई म्हणाले, “पंपापायी मी कधी बोनेटसमोर इतका बसलो नाही.” सूर्य डोक्यावर आला होता, ते पाणीही प्यायले नव्हते. पाणी आणलेलंच नव्हतं आम्ही.

पुन्हा चढलो. पार्वताबाई त्याच जागी होत्या. वाटी पदराखाली झाकून धरलेली.

राहिलेला अर्धा बोल्ट अकरा मिनिटांत निघाला. तुकडा खाली पडल्याचा आवाज पेटीत घुमला. नवे बोल्ट बसवले, डोकं कसलं, दांडा जोडला. मी दहा वेळा हापसलं. काही नाही. आठ दिवसांत आतलं पाणी उतरलेलं असतं, पंप कोरडा पडतो. तीस वेळा. मग खालून गुरगुर आली आणि नळाला तांबडं पाणी आलं.

पार्वताबाईंनी घागर पुढे केली. मी हात आडवा धरला.

“हे गंजाचं आहे. पहिल्या वीस घागरी फेका, मग भरा.”

“आठ दिवसानं आलेलं पाणी फेकू?”

“झाडांले टाका.”

त्यांनी मोजून वीस घागरी दोन लिंबांच्या बुडाशी ओतल्या. एकविसावी भरली, आणि त्यातला पहिला तांब्या गफूरभाईंसाठी माझ्याबरोबर खाली पाठवला. सासू पाच दिवसांनी घरी आली.

ऑफिसात साहेबांनी ड्रिल हातात घेऊन दोनदा चालवून पाहिलं. मग म्हणाले, “तो सहावा सेल मिळतो का बघा कुठे.”

मिळाला नाही. पाच सेलवरच ते पुढे नऊ वर्षं चाललं. तेवढ्या काळात आमच्या दोन जीप भंगारात गेल्या. शेवटी मोटरला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे झिजले आणि त्या मापाचे कुठे भेटले नाहीत.

रिटायर झाल्यावर घरकामासाठी मी एक नवं ड्रिल घेतलं. हलकं, जोरकस, दिसायला देखणं. दीड वर्षात बॅटरी बसली. उघडायला गेलो तर मूठ आख्खी चिकटवलेली, एकही स्क्रू नाही. दुकानदार म्हणाला, “काका, हे उघडत नसतात, बदलत असतात.”

तेव्हापासून हत्यार घेताना मी त्याची ताकद विचारत नाही. आधी उलटं करून ते उघडतं कुठून, तेवढं पाहतो.