उजवीकडे न वळणारी गाडी

६ मार्च १९८८, रविवार, सकाळी साडेसात. गजानन पेडणेकर नेरूळच्या आमच्या सोसायटीचा जिना चढून माझ्या दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या काखेत रिमोटवर चालणारी शर्यतीची छोटी गाडी होती आणि चेहऱ्यावर नेहमीचे हसू नव्हते. आता, इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात त्याच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा पहाटे गेले," एवढेच तो म्हणाला. फोन ठेवल्यावर खरे तर त्याची शेवटची भेट आठवायला हवी होती. आठवली ती ही सकाळ.

आमची ओळख सत्तरच्या दशकातली. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तो साचे-हत्यारे घडवणाऱ्या टूलरूममध्ये होता आणि मी तपासणी विभागात. त्याने घडवायचे, मी मोजायचे. अशा नात्यातून सहसा मैत्री होत नाही. आमची झाली, कारण मोजमापावरून त्याने कधी हुज्जत घातली नाही, आणि त्याचे काम परत पाठवण्याची वेळ माझ्यावर त्या काळात कधी आली नाही. पुढे दोघांनाही नेरूळला घरे मिळाली, समोरासमोरच्या इमारतींत. वस्ती तेव्हा विरळ होती. रस्ते डांबर घालून तयार होते, त्यांच्या कडेच्या इमारती अजून यायच्या होत्या. त्या मोकळ्या रस्त्यांचा उपयोग पेडणेकरने शोधून काढला. बोटीवर नोकरीला असलेल्या त्याच्या मेहुण्याने जपानहून ही गाडी सुट्या भागांत आणली होती, भाच्यासाठी. भाच्याला ती आठवडाभर पुरली. बापाने मात्र ती पुढे सोडली नाही; त्याची बायको शालू तिला आपली सवत म्हणे. वाशी-चेंबूरकडचे तीन-चार हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन एकाआड एक रविवारी येत, खडूने वळणे आखत आणि शर्यत लावत. पेडणेकरची गाडी वेगात कोणाला हार जात नसे. तिचा दोष एकच. डावे वळण ती रुळावरून गेल्यासारखी घेई. उजवीकडे वळवली की मागून घसरून थेट रस्त्याबाहेर.

"सप्रे, आज हिचा सोक्षमोक्ष लावायचा," तो दारातूनच म्हणाला.

"पुढच्या रविवारी शर्यत आहे म्हणून एवढी घाई?"

"शर्यत गेली खड्ड्यात."

मला हे नवीन होते. आम्ही कामाला बसलो. त्याची पद्धत टूलरूमची होती : एका वेळी एकच बदल, मग खाली रस्त्यावर जाऊन पाहायचे, आणि फरक पडला नाही तर तो बदल काढून टाकल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. डाव्या बाजूचे टायर उजवीकडे घातले. दोष तिथेच राहिला. पुढच्या चाकांची तोंडे पुन्हा जुळवली. धक्के शोषणाऱ्या शॉकअबमधले तेल बदलले. चाके वळवणारी मोटर सोडवून पुन्हा बसवली. प्रत्येक वेळी जिना उतरलो आणि प्रत्येक वेळी गाडी उजव्या वळणावर धुळीत गेली. दुपार झाली. मी एकदा म्हणालो, मी चालवून पाहतो. "आधी गाडी," तो म्हणाला आणि रिमोट स्वतःजवळच ठेवला.

चहा आला तेव्हा त्याने कप दोन्ही हातांनी धरला. मी ते पाहिले. त्या हिवाळ्यात त्याचे दोन नग माझ्या टेबलावरून नापास होऊन परत गेले होते. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडत होते.

"उजवीकडे वळवताना अंगठा बाहेर लोटावा लागतो," तो कपाकडे पाहत म्हणाला. "तो माझं ऐकत नाही, अशी मला शंका आहे... दोष गाडीत निघाला तर मी सुटलो."

"आणि नाही निघाला तर?"

"तर टूलरूम संपली."

आम्ही पुन्हा गाडीवर वाकलो. आता मलाही तिच्यात दोष हवा होता.

थोड्या वेळाने माझी पत्नी सुमन बादली आणि फडके घेऊन आली. "अहो, उठा बघू. सकाळपासून फरशीवर तेल सांडून बसलात. आणि भावोजी, शालूची ती सवत जरा उचला तिथून."

"वहिनी, सवत आजारी आहे. तिला हलवू नका."

"मग दवाखान्यात न्या. माझी फरशी मोकळी करा."

तिने फरशीवर पाणी ओतले. ते सरळ गॅलरीकडे निघाले. पेडणेकर त्या पाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने सपाटी तपासायची माझी स्पिरिट लेव्हल उचलली आणि ओल्या फरशीवर ठेवली. बुडबुडा एका कडेला जाऊन थांबला.

गाडी जोडली तेव्हा याच फरशीवर, याच जागी ती ठेवून आम्ही लेव्हल तिच्या पाठीवर धरली होती, आणि बुडबुडा मध्यावर येईपर्यंत डाव्या बाजूच्या स्प्रिंगांखाली चकत्या घातल्या होत्या. पाणी वाहून जावे म्हणून गवंड्याने फरशीला दिलेला उतार आम्ही गाडीत उतरवला होता. माझ्या घरात ती सरळ होती, रस्त्यावर वाकडी. मिलिमीटरचे शंभर भाग करून मोजणारी आम्ही दोन माणसे, आणि खालची जमीन मोजायचे दोघांनाही सुचले नव्हते.

पेडणेकर इतक्या मोठ्याने हसला की सुमन फडके टाकून बघत राहिली. "वहिनी, तुमच्या बादलीला पेढे!" त्याने चकत्या काढल्या, आणि जिना तो माझ्याआधी उतरला.

करावे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही वळण आखले. त्याच्या पलीकडे गावातली एक म्हातारी बारीक कोळंबीचा जवळा वाळत घालून राखण करत बसली होती. "दादा, तुजी गारी माजे जवल्यान आली त खारीत फेकून देन हां!" तिने आधीच बजावले.

"निकाल तू दे," म्हणत पेडणेकरने रिमोट माझ्या हातात दिला. "तपासणी तुझं काम." मी गाडी बेताने चालवली. उजवे वळण तिने स्वच्छ घेतले. पुन्हा घेतले. मग वेग वाढवून घेतले. म्हातारी मान डोलावू लागली. पेडणेकरने रिमोट परत मागून घेतला, गळ्यात अडकवला, गाडी वळणावर आणली... आणि ती सरळ जवळ्यात गेली. त्याने ती मागे घेतली आणि पुन्हा आणली. पुन्हा तेच.

म्हातारी उठली, पण रागावली नाही. जवळा सारखा करत तिने सहज विचारले, "आता त बरी चालली व्हती. तुजे हातान काय झाला तिला?"

पेडणेकर वाकून चाकांत अडकलेला जवळा काढू लागला.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः साहेबांसमोर गेला आणि टूलरूम सोडून शिकाऊ कामगारांना शिकवण्याचे काम मागून घेतले. कंपवात हे नाव डॉक्टरांनी पुढे काही महिन्यांनी उच्चारले. शर्यती चालू राहिल्या. तो गाडी जुळवी, मी चालवत असे, आणि शेवटच्या क्रमांकासाठी सहसा स्पर्धा नसे. "गाडी उत्तम, ड्रायव्हर सुमार," असे तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगे. त्याच्या तोंडून मी ऐकलेली तक्रार एवढीच.

त्या रविवारी संध्याकाळी मात्र आम्ही अजून रस्त्याच्या कडेलाच होतो. मग त्याने रिमोट गळ्यातून काढला आणि माझ्या गळ्यात घातला. पट्टा त्याच्या उंचीचा. रिमोट माझ्या पोटाखाली लोंबू लागला. तो जवळ आला. त्याच्या बोटांना बकल पटकन सुटेना. मी हात पुढे केला नाही, मान वाकवून उभा राहिलो. त्याने बकल सोडवले, पट्टा माझ्या मापाला आखूड केला, आणि पुन्हा लावून टाकले.