नैवेद्याआधीचा डबा

त्या वर्षी महालक्ष्म्या बसवायच्या की नाही, यावरून आमच्या घरात पोळ्यापासूनच धुसफूस सुरू होती. खरं सांगायचं तर धुसफूस माझी एकटीचीच होती, बाकीचे गप्प होते. माझी नात स्वरा तेव्हा सहा वर्षांची. तिला रक्ताचा कॅन्सर निघाला होता आणि अकोल्याच्या दवाखान्यात केमो चालू होती. काही दिवस दवाखाना, काही दिवस दर्यापूरचं घर, पुन्हा दवाखाना, असं आमचं वर्ष चाललं होतं. ज्या देवीला लग्न करून आल्यापासून दर भादव्यात मी पुरणावरणाचं जेवू घातलं, तिनं माझ्याच घरातल्या एवढ्याशा पोरीला हे दुखणं द्यावं, याचा मला राग होता. आणि देवावर राग धरला म्हणून भीतीही वाटत होती. रागावलेल्या माणसानं पूजा करावी का? आणि नाही केली, तर आणखी काय पुढं येईल? शेवटी भीती जिंकली आणि मी माळ्यावरून मुखवट्यांची पेटी काढायला लावली. ती भक्ती होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अकोल्याच्या वार्डातली एक सिस्टर घरी गेलेल्या मुलांच्या आयांना नेमानं फोन करायची. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, कारण दवाखान्यात माझी सून मनीषा आणि मुलगा प्रशांतच राहायचे, मी घर सांभाळायची. पण फोन स्पीकरवर असला की तिचा आवाज माझ्या कानावर पडायचा. ताप पाहिला का, तोंडात फोड आले का, पाणी उकळलं का, कापलेलं फळ उघडं ठेवू नका, घरात फुलं नकोत, पाहुणे नकोत. आणि एक गोष्ट तर ती दर वेळी सांगायची: ताप आला तर घरची गोळी द्यायची नाही, वाट पाहायची नाही, तडक निघायचं. या मुलांच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या की अंगात काय शिरलंय ते दिसत नाही, ताप तेवढा दिसतो. मी तिला 'फोनवाली' म्हणायची. माझ्या घरात फुलं ठेवायची की नाही हे अकोल्याहून ठरतंय, हे मला सोसत नव्हतं. तरी सगळं पाळत होते. स्वराला मागची खोली वेगळी दिली होती आणि तिच्या दाराशी पहारा माझाच होता. त्या सणाला मी नणंदा-जावा कोणालाच बोलावलं नाही. देवीच्या नावानं एक सवाष्ण तेवढी जेवायला सांगितली, शेजारच्या कुसुमताई. त्याही ओसरीवरच बसणार होत्या.

जेवणाच्या दिवशी पहाटे मनीषानं स्वराचा ताप पाहिला, नव्हता. मग आम्ही दोघी न्हाऊन सोवळ्यात शिरलो. आमच्याकडं महालक्ष्मीचा स्वयंपाक सोवळ्यातच होतो. एकदा ती साडी अंगावर आली की नैवेद्य दाखवेपर्यंत कोणाला शिवायचं नाही, लेकरालासुद्धा नाही. स्वराजवळ प्रशांत बसला होता, पण केळीची पानं कमी पडली म्हणून तो गाडी घेऊन शेताकडं गेला. आमचे हेही सोवळ्यात देवापुढं बसलेले. तिच्या हातात मनीषाचा फोन होता, कार्टून चालू होतं. मी चुलीवरून दोनदा ओरडून विचारलं, "बाई, बरी हायेस ना?" ती "हो" म्हणाली. इतर दिवशी जाता-येता कोणी ना कोणी तिच्या कपाळाला हात लावायचं. त्या दिवशी पहाटे ताप पाहिल्यापासून तिला कोणाचा हात लागला नव्हता.

भाज्या झाल्या, आंबील झाली, पुरण वाटून झालं, आणि फाटकाबाहेरून कुसुमताईंची हाक आली. त्या आत येईनात.

"मावशी, आमच्याकडं सुतक पडलं वं. आताच फोन आला. मी येत नाही. तुमी फिकीर नोका करू, कोणाले तरी धाडतो."

मी कपाळाला हात लावला. ताटं मांडायची वेळ झाली आणि सवाष्ण नाही. आधीच मनात शंका, त्यात हे. देवीला माझ्या घरी जेवायचंच नाही, असं मला वाटायला लागलं.

थोड्या वेळानं एक बाई ओसरीची पायरी चढली. तिशीतली असेल. कपाळाला टिकली, खांद्याला प्रवासाची पिशवी, साडीचा काठ चिखलानं भरलेला. कुसुमताईंनी धाडलेली हीच, असं मी धरून चालले. पाट मांडलेला होता, पाण्याचा तांब्या भरलेला होता. मी म्हटलं, "या बाई, बसा. तुमचीच वाट पाहून राहिलो."

"आजी, मी..."

"पाय पुढं घ्या आधी. नैवेद्याले उशीर होऊन राहिला."

मी तिच्या पायावर पाणी घातलंसुद्धा. तिनं पाय मागं घेतला. मला वाटलं, लाजतेय. मी पुन्हा पाणी घातलं. ती म्हणाली, "आजी, माह्ये पाय नोका धुऊ. मी त्यासाठी नाही आलो. स्वरा कोठी हाय?"

माझा आवाज चढला. "तिच्या खोलीत कोणी जायचं नाही. सिस्टरनं सांगितलं हाय."

"तेच सिस्टर हाय मी, आजी."

आवाज ओळखीचा होता. तोंड पहिल्यांदाच पाहत होते. ती दर्यापूरच्या पलीकडं आपल्या माहेरी सणाला निघाली होती. आदल्या दिवशी आम्ही इथल्या लॅबमध्ये स्वराचं रक्त दिलं होतं, त्याचा अहवाल तिला वाटेत फोनवर आला. पांढऱ्या पेशी फारच खाली गेल्या होत्या. तिनं दोघांनाही फोन लावले, पण मनीषाचा फोन कार्टून पाहता पाहता बंद पडलेला, प्रशांतला गाडीवर रिंग ऐकू आली नाही. तिला इथं जीप बदलायचीच होती. स्टँडवर आमच्या गल्लीतले रशीदभाई भेटले, त्यांची जीप अकोल्याच्या फेऱ्या मारते. घर कोणतं ते त्यांनी सांगितलं आणि ती पायीच आली.

हे सगळं तिनं हात धुता धुता सांगितलं आणि खोलीत गेली. मी दारात उभी. स्वरा पांघरुणात गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. सिस्टरनं काखेत थर्मामीटर लावलं, मनगट धरलं, नखं दाबून पाहिली. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी बदललं, ते मला दिसलं. ती मनीषाला म्हणाली, "ताई, ताप बराच हाय. बॅग तयार असते ना तुमची? घ्या. निघू."

मी आत गेले आणि सोवळ्यातला हात पोरीच्या कपाळावर ठेवला. हात भाजल्यागत झाला. "आजी, मले थंडी वाजते," ती म्हणाली.

देवघरात दोघी बसल्या होत्या, नथ घालून, काठापदराच्या साड्या नेसून. समोर पानं मांडलेली, पण वाढायची होती. नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातल्या बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, असं मी सासूकडून शिकले, आणि सुनेलाही तेच शिकवलं. आमचे हे दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "नैवेद्याचं कसं?" मी मुखवट्यांकडं पाहिलं. हात जोडायचं सुचलं नाही. एवढंच तोंडातून निघालं, "तुमचं जेवण राहिलं, माय. तुमी पाहून घ्या आता." ह्यांना म्हटलं, "दिवा विझू देऊ नका." आणि तशीच सोवळ्याच्या साडीत, अनवाणी बाहेर पडले.

स्टँडवर रशीदभाईंची जीप भरून निघायच्या बेतात होती. सिस्टर पुढं होऊन दोन वाक्यं बोलली. रशीदभाई मागं वळून म्हणाले, "भाईहो, उतरून घ्या. लेकरू सीरियस हाय." एक म्हातारा तेवढा 'काहून उतरू, काहून उतरू' करत होता, त्यालाही बाकीच्यांनी हात धरून उतरवलं. मधल्या सीटवर मनीषा, तिच्या मांडीवर स्वरा, शेजारी सिस्टर. मी पुढं बसले. सिस्टरनं वार्डात फोन लावला, लेकरू घेऊन येतोय, औषध काढून ठेवा.

पूर्णेच्या अलीकडं गाड्यांची रांग लागली होती. वर कुठंतरी जोराचा पाऊस झाला होता आणि पुलावरून पाणी चाललं होतं. पोलीस कोणालाच सोडत नव्हते. रशीदभाई उतरून विनवून आले. "नाही जमत, मावशी. पानी चढून राहिलं. अमरावतीच घ्यावी लागते." म्हणजे आलो तेवढं मागं जायचं आणि तिथून पुढं त्याहून जास्त. सिस्टरनं फक्त "फिरवा" म्हटलं आणि पुन्हा अकोल्याला फोन लावला. आपल्या डॉक्टरांकडून अमरावतीच्या एका दवाखान्यात निरोप द्यायला सांगितला.

परतताना जीप दर्यापुरातूनच गेली. आमच्या गल्लीचं तोंड मागं पडलं. आत दोन्ही देवी उपाशी, मांडीवर पोर तापानं फणफणलेली, आणि मी दोन्हीकडून गेलेली. मी कधी नाही ते देवीशी मनातल्या मनात भांडले. मी म्हटलं, एवढं जेवू घातलं तुला, एका दिवसाचं राहिलं तर हिशेब असा चुकता करणार का? मग भांडणही संपलं. मागं स्वराची कुरकुर थांबली होती. ती कुरकुरत होती तोवर बरं होतं. मी सीटवरच मागं वळले. मनीषानं विचारलं, "सिस्टर, वाचन ना माही पोर?" सिस्टरनं खोटा धीर दिला नाही. म्हणाली, "ताई, तिच्याशी बोलत राहा. तुमचा आवाज ऐकू दे तिले." तिची बोटं स्वराच्या मनगटावरून हलली नाहीत. मी नामस्मरण करायला गेले तर शब्द सापडेनात. मला तेवढी बोटं दिसत होती, आणि मी त्या बोटांकडंच बघत राहिले. आज वाटतं, माझ्या जन्मात मन एका जागी राहिलं असेल तर तेव्हाच.

अमरावतीला दारातच स्ट्रेचर उभं होतं. आत नेलं, पण पोरीची शीर सापडेना. केमोनं शिरा आधीच रुसलेल्या, त्यात अंग गार पडत चाललेलं. तिथल्या नर्सनं एक हात पाहिला, दुसरा पाहिला. आमच्या सिस्टरनं स्वराचा पंजा आपल्या दोन्ही तळहातांत धरला आणि नुसती उबवत बसली. "रडलीस तरी चालते, बाळा. हात तेवढा हलवू नोको," असं तिच्या कानाशी म्हणत होती. थोड्या वेळानं त्याच हातावर तिथल्या नर्सला शीर सापडली आणि औषध सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंय, पण रक्तदाब खाली आहे, आता वाट पाहायची.

दिवेलागणीला प्रशांत आला. पानं घेऊन घरी पोचल्यावर त्याला कळलं, आणि अमरावतीचा निरोप मिळताच तो निघाला होता. हातात मोठा डबा. ह्यांनी भरून दिलेला. माझा संताप झाला. "नैवेद्य न दाखवता डबा भरला? चाळीस वर्षं काय पाहिलं मग यांनी?" प्रशांत म्हणाला, "आई, बाबा म्हणाले, हा डबा सवाष्णीचा हाय. कुसुमताईनं धाडलेली बाई मागून आली होती. बाबानं तिले वापस पाठवलं. आमची सवाष्ण जीपमध्ये गेली म्हणे." डब्याच्या वरच्या खणात कागदाच्या पुडीत हळदकुंकू होतं. ज्या माणसानं आयुष्यात कधी पंगतीचं मीठ वाढलं नाही, त्याला हे सुचलं. माझा राग तिथंच बसला.

सिस्टर आतून बाहेर आली तेव्हा मी तिला बाकावर बसवलं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. माहेरी तिची आई ताट वाढून बसली असणार. मी पुडी उघडली, बोटाला कुंकू घेतलं. तिनं माझं मनगट धरलं.

"आजी, मले नोका लावू. माह्या घरचे गेले, लय वर्षं झाली. तिकडं ओसरीवर तेच सांगून राहिलो होतो, तुमी ऐकलं नाही. माहेरी बी मी सवाष्णीच्या पंगतीत नाही बसत. वाढायले राहतो."

खोटं कशाला सांगू, माझं बोट थांबलं. सासूचा आवाज कानात आला, सगळे नेम एका क्षणात डोळ्यांपुढून गेले. समोरच्या काचेतून स्वराचा हात दिसत होता, पट्टी बांधलेला. आज सकाळी मी सवाष्णीसाठी तळमळत होते आणि माझ्या ओसरीवर ही आली होती. कोणाला पाठवायचं हे मला विचारून ठरलं नव्हतं. तिचे पाय मी धुतले होते, ते पाणी काही परत तांब्यात भरता येणार नव्हतं. मी म्हटलं, "सकाळपासून हे कुंकू कोणाले तरी लावायचं राहून गेलं, माय. आता मागं नोको सरू." आणि लावलं. तिनं डोळे मिटून घेतले. मग डबा मांडीवर घेऊन ती जेवली. पोळी गार झाली होती, पुरण घट्ट झालं होतं, आंबीलही आंबटली होती. तिनं काही टाकलं नाही. मी समोर बसून पाहत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला नव्हता, पण रक्तदाब टिकला होता. पुढचे काही दिवस असेच एकेक करून काढले. घरी ह्यांनी एकट्यानं महालक्ष्म्यांची बोळवण केली, काय केलं आणि काय राहिलं ते मी विचारलं नाही. पूर ओसरल्यावर आम्ही स्वराला अकोल्याच्या वार्डात नेलं, आणि पुढचे सगळे उपचार तिथंच पार पडले.

आता स्वरा मोठ्या शाळेत जाते. सिस्टरचा फोन अजून येतो, फक्त प्रश्न बदललेत. उंची वाढतेय का, अभ्यासात लक्ष लागतं का, शाळेत कोणी जुन्या दुखण्यावरून चिडवत नाही ना, केमोच्या औषधांमुळं सांगितलेली हृदयाची वर्षाची तपासणी केली का. मी आता तिला 'फोनवाली' म्हणत नाही. त्या दिवशी जे घडलं त्याला काय म्हणायचं, ते मला ठाऊक नाही. तिला जीप बदलायची होती म्हणून ती आली, असंही म्हणता येतं. मी एवढंच शिकले, की देवीला बोलवायचं काम आपलं. ती कोणत्या रूपानं येईल, जेवेल की उपाशीच निघेल, आणि जाताना आपल्याला कुठं घेऊन जाईल, ते तिच्यावर सोडायचं.

महालक्ष्म्या आम्ही अजून बसवतो. सिस्टरला सुट्टी मिळाली तर ती ओसरीवरच्या पाटावर बसते आणि पाय मागं घेत नाही. पण वार्डातल्या लेकरांना सोडून तिला बहुतेक वर्षी येता येत नाही. मग मी पहाटेच पहिली पोळी लाटते, डबा भरते, वरच्या खणात कुंकवाची पुडी ठेवते आणि रशीदभाईंच्या पहिल्या फेरीला अकोल्याकडं देते. डबा पोचल्याचा तिचा फोन आला, की मग देवीपुढं पान वाढते.