हवालदारांचा पाहुणचार

१९५८ साली मी बावीस वर्षांचा होतो, आणि हवालदार मला दिसण्याआधी ऐकू आले. लुडविग्सहाफेनला येऊन मला थोडेच दिवस झाले होते. रविवारी ऱ्हाईनच्या काठाकाठानं चाललो होतो, तर झाडीपलीकडच्या मैदानातून कुणीतरी चक्क मराठीत ओरडलं, "पाव्हणं! येताना पुलावरनं हसत आलासा, जाताना कंचं तोंड घिऊन जानार?" मी जहाजाच्या इंजिनात तेल घालायचं काम करून हाम्बुर्गला उतरलेला माणूस. कित्येक महिने आपली भाषा कानावर पडली नव्हती. पाय तिकडेच वळले.

मैदानात जर्मन पोरं दांडक्यानं चेंडू मारत होती आणि चार कोपरे पळत होती. याला बेसबॉल म्हणतात. नदीपलीकडे मानहाइमला अमेरिकन पलटणी होत्या, त्यांच्याकडून तिथली पोरं हा खेळ शिकली. त्यांना येतो तर आम्हाला का नाही, म्हणून आमच्या काठानंही संघ काढला. खेळ मला तेव्हा कळला नाही आणि पुढेही मी समजून घेतला नाही. बघण्यासारखं जे होतं ते बाकावर उभं होतं. काळाभोर रुंद गडी, झुबकेदार मिशा, आणि छातीतून निघालेला तो आवाज.

ते सातारकडचे. लढाईत आफ्रिकेत कैद झाले आणि जर्मनीत आणले गेले. लढाई संपली तेव्हा बाकीचे बोटीनं घरी गेले, हे आनावहिनींसाठी राहिले. वहिनी इथल्याच, जर्मन. नदीच्या धक्क्यावर माल उतरवायचं काम करायचे. पलटणीतला हुद्दा तोच नाव होऊन बसला होता, जर्मन शेजारीसुद्धा हवालदारच म्हणायचे. मी मराठी आहे कळल्यावर त्यांनी मला गाव विचारलं नाही की जात विचारली नाही. "कुठं उतरलायस? खानावळीत? आणि माझ्या माळ्यावरची खोली काय उंदरांसाठी ठेवलीय व्हय?" त्याच दिवशी माझी ट्रंक त्यांच्या माळ्यावर गेली.

पाव्हण्यांवर ओरडायचं हे त्यांनी कुस्तीच्या फडात शिकून आणलेलं होतं. आधी मराठीत ओरडायचे, घसा मोकळा व्हावा म्हणून. मग तेच जर्मनमध्ये, समोरच्याला लागावं म्हणून. पण वाटेल तसं नाही. खेळणाऱ्याला कधी बोलायचे नाहीत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "त्यो बिचारा खेळतोय. बोलायचं ते बघनाऱ्याला. घरदार सोडून यायचं, ट्रामचं तिकीट काढायचं आनि वर हरायचं! असल्या मान्साला बोललं न्हाई तर त्याचा येळ फुकट जातो." आईबहिणीवरून शब्द नाही, आणि लंगड्या-आंधळ्याच्या अंगावर जाणं नाही. लढाईनंतरच्या त्या दिवसांत पाव्हण्यांच्या बाकांवर असे पुष्कळ असायचे.

त्यांचं खास गिऱ्हाईक म्हणजे मानहाइमचा खाटीक फोग्ट. पोट सुटलेला, हिरवी टोपी घालणारा. हा बाकावर टेकला रे टेकला की हवालदार सुरू व्हायचे. "खाटीकदादा, दुकान कुनाच्या जिवावर टाकून आलासा? डुकरं गावभर फिरत असतील!" पाऊस नसताना त्यानं छत्री आणली तर, "छत्री कशापायी? रडायला रुमाल पुरतो की!" फोग्ट लालबुंद व्हायचा, मुठी हलवायचा, बायको कोट धरून त्याला खाली बसवायची. आणि पुढच्या खेपेला गडी बरोबर त्याच बाकावर, हवालदारांच्या समोर. मागे जागा रिकाम्या असल्या तरी.

असं आठ वर्षं चाललं. मग हवालदारांच्या लीलानं फोग्टच्या कार्लशी लग्न ठरवलं. ही पोरगी मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची. तिनं बापाला सांगितलं तेव्हा मी तिथेच कॉफी पीत होतो. हवालदारांनी एवढंच विचारलं, "खाटकाचा?" ती जर्मनमध्ये "या" म्हणाली, म्हणजे हो. ते उठले आणि मिशीला तेल लावून आले.

लग्नाच्या दिवशी त्यांनी नोंदणी कचेरीच्या पायऱ्यांवर, सगळ्यांच्या देखत, फोग्टपुढे कमरेत वाकून हात जोडले. आणि तिथून त्यांचा आवाज बंद झाला. पुढच्या सामन्याला फोग्ट नव्या टोपीत आला. टोपीला पीस होतं, म्हणजे टोमणा मागूनच घेतलेला. आमचे सगळे बाक हवालदारांकडे बघत राहिले. ते उभे राहिले, फोग्टला हात जोडले, आणि खाली बसले. दुसऱ्या सामन्याला तेच, तिसऱ्याला तेच. मी म्हटलं, "अहो, तब्येत बरी आहे ना?" तर म्हणाले, "मुलीकडचा हाय मी. व्याह्यापुढं आवाज चढवायचा नसतो."

पुढच्या वर्षी लीलाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, हे हवालदारांच्या मनानं घेतलं. मुलूख सुटला, भाऊबंद सुटले, आईला शेवटचं बघायला मिळालं नाही. पण हे एवढं आपल्या घरी व्हावं. आनावहिनींनी खिडक्यांना नवे पडदे शिवले. हवालदार स्वतः पूल ओलांडून विचारायला गेले, हात जोडून उभे राहिले. फोग्ट म्हणाला, मूल आमच्याकडेच होईल, आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून लीलाचं येणंही थांबलं.

कारण मला कळलं ते सामन्याच्या मैदानावर, बिअरच्या खिडकीपाशी. फोग्टनं माझी बाही धरली. "तू त्याच्या घरात राहतोस. सांग, मी त्याचं काय केलं?"

"कुठे काय केलंत?"

"आठ वर्षं हा माणूस माझ्याशी बोलत होता. माझी टोपी, माझं पोट, माझं दुकान. गिऱ्हाइकं सोमवारी विचारायची, काल काय म्हणाला? आता सोयरा झालो तर पाद्र्यासारखे हात जोडतो आणि तोंड फिरवतो. आमचं घर त्याला बोलण्याच्याही लायकीचं वाटत नाही, बरोबर ना? मग माझी सून आणि नातवंड मी तिथे कशाला पाठवू?" त्याचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत मी त्याला असा पाहिला नव्हता.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. हवालदार ऐकेनात. "मान दिला तर त्याचा अपमान? असं कुठं असतं व्हय?"

"इथं असतं," मी म्हटलं.

"तू दर्यावर वाढलेला. तुला सोयरीक काय कळती!"

मी मागे हटलो नाही. मला शाळा नाही, पण डोळे आहेत, असं तोंडावर सांगितलं. आनावहिनी कपबशा पुसत होत्या. त्या न वळता हवालदारांना म्हणाल्या, "हे बघ, तू त्याला मेलेल्या माणसासारखं वागवतोस. मेलेल्यालाच कुणी काही बोलत नाही." त्यावर हवालदार जेवले नाहीत.

पुढच्या रविवारी आमचे हरत होते. हवालदार उठले, कोटाची बटणं लावली, मैदानाला वळसा घालून पाव्हण्यांच्या बाकांपर्यंत चालत गेले. फोग्टसमोर उभे राहिले. "व्याहीबुवा, परवानगी असावी," मराठीत म्हणाले आणि मग जर्मनमध्ये. फोग्टनं मान डोलावली. हवालदार तसेच चालत परत आले, बाकावर चढले, आणि वर्षभराचं सगळं एकदम बाहेर काढलं. टोपीचं पीस झालं, पोट झालं, दुकान झालं. शेवटी म्हणाले, "व्याहीबुवा! पोरगी तुमच्यात का दिली ठावं हाय? तुमच्या गावात कुनाला पळता येत न्हाई हे मी इतकी वर्सं बघतोय. म्हटलं, जावई पोरीला सोडून पळून तरी जानार न्हाई!"

दोन्हीकडचे बाक हसले. फोग्ट उभा राहिला. त्यानं टोपी काढून तोंडावर धरली आणि खांदे हलत राहिले.

हवालदार जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. मैदानाच्या जागी घरं उभी राहिली. चांगला माणूस होता असं म्हणणारे अजून भेटतात. मी त्यांना म्हणतो, चांगला होता, पण ऐकवून सोडायचा, तेही सांगा.

त्या सामन्यानंतरच्या सकाळी मी कामावर निघायच्या आत रस्त्यावरून हाका आल्या. खिडकीखाली फोग्ट सायकल धरून उभा होता. रात्रभर उत्तर शोधून आला होता. "हवालदार! आम्हाला पळता येत नाही? मग तुमची मुलगी पूल ओलांडून कुणी पळवून नेली?" त्याच्यामागे लीला उभी होती, हातात बोचकं घेऊन. हवालदारांचा घसा पार बसला होता, तोंडातून नुसती हवा आली. ते खाली न जाता वर माळ्यावर आले, माझे कपडे ट्रंकेत भरले आणि ट्रंक जिन्यानं खाली नेली. लीलाला उजेडाची खोली हवी होती, आणि उजेड वरच होता. मी विचारलं, "आणि मी?" त्यांनी फोग्टकडे बोट केलं, मग पुलाकडे. त्याच्याकडे तिच्या बाळंतपणासाठी काढून ठेवलेली खोली आता रिकामी होती. म्हणजे येत्या रविवारपासून मी पाव्हण्यांच्या बाकावर बसणार होतो, आणि हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं, कारण मिशीखाली हसू मावत नव्हतं. त्यांनी ट्रंक सायकलच्या मागे ठेवली आणि स्वतः दोरीनं आवळून बांधली.