लग्नाच्या दिवशीचा लोड

तिसऱ्यांदा फ्यूज उडाला, तेव्हा नवरदेवाची वरात मारुतीच्या देवळापर्यंत आली होती आणि आचाऱ्याकडे भाताला पाणी नव्हतं.

मी वायरमन, आता रिटायर. पिंपरी पेंढारच्या एका वस्तीवर दत्तूभाऊंच्या लेकीचं, अश्विनीचं लग्न होतं. मी पाहुणाही होतो आणि ड्यूटीवरही. विहीर भरलेली, टाकी कोरडी, मोटार चालेना.

"दत्तूभाऊ, लोड घेऊ नका," मी म्हणालो.

"कसा न घेऊ राव? सोयरं दारात आलं. हात धुवायला पाणी न्हाई!"

लोड हा शब्द आमच्याकडे फार राबतो. चढाला ट्रॅक्टरवर लोड येतो, पोरांना परीक्षेचा लोड असतो, मोबाइलवर व्हिडिओ लोड होत नाही. वायरमनला मात्र एकच अर्थ पुरतो. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, त्याच्यावर एका वेळी किती मोटारी ओढतायत, तो लोड.

पण आज ओढणार कोण? सगळी वस्ती फेटे बांधून मांडवात. शेतात चिटपाखरू नाही. म्हणून मी फ्यूजच्या तारेवर खापर फोडत होतो. साहेबांना फोन केला.

"तार बदला," साहेब म्हणाले.

"तीनदा बदलली साहेब."

तेवढ्यात अश्विनी बाहेर आली. अंगावर शालू, कपाळाला मुंडावळ्या. घरची मोटार वर्षानुवर्षं तिनंच चालू केलेली.

"काका, माणसं मांडवात हैत, पण मोटारी समद्या ऑटोवर हैत."

मी कपाळावर हात मारला. ऑटो म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप चालू करणारा स्टार्टर. चालू होताना मोटार कितीतरी पट जास्त करंट ओढते. मी फ्यूज टाकला की साऱ्या मोटारी एकदम उठत होत्या. एवढी वर्षं नोकरी केली आणि नवरीनं शिकवलं!

तिनं सरळ बॅटरीवरचा माइक घेतला. "मंडळी, आधी आपापल्या मोटारी बंद करून या. न्हाईतर आज जेवान न्हाई!"

मांडवात हशा पिकला आणि फेटेवाले गाड्यांवर बसून शेतांकडे सुटले. तिचे मामा तर मुठीत अक्षता घेऊनच पळाले.

सगळे परत आल्यावर मी फ्यूज टाकला. फक्त दत्तूभाऊंची मोटार घुमली. पाइप दोनदा खोकला आणि टाकीत पाणी पडलं. बायकांनी असा कल्ला केला की, नवरदेव आला समजून मांडवात थांबलेल्या बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. दत्तूभाऊ मला मिठी मारून रडले. खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले.

मुहूर्त थोडा टळला. भात मात्र मऊ झाला होता.

पंधरा दिवसांनी अश्विनीचा फोन आला, घोडेगावजवळच्या सासरहून.

"काका, हितंबी डीपीचा फ्यूज सारखा उडायचा. मी मोटारींचे नंबर लावून दिले. आता एकामागं एक चालू करत्यात. सासरे म्हणत्यात, सुनेनं आल्या आल्या गावचा लोड घेतला."

तेव्हापासून फ्यूज उडाला की मी तार नंतर बघायचो. आधी विचारायचो, गावात आज लग्न कुणाचं आहे?