मायनं नाटकाची चूक काढली

जळगावात ते जुनं संगीत नाटक पुन्हा उभं करायचं ठरलं, तेव्हा आमच्या हौशी मंडळात माझ्या वाट्याला सगळ्यात बिनमहत्त्वाचं काम आलं. मला गाता येत नाही, रंगमंचावर पाय लटपटतात. पण मी शाळेत मराठी शिकवते आणि माझं अक्षर बरं आहे. म्हणून प्रयोग संपल्यावर दाराशी टेबल मांडून बसायचं आणि प्रेक्षकांचे अभिप्राय गोळा करायचे, असं ठरलं. ज्याला लिहायची हौस असेल त्यानं वहीत लिहावं, ज्याला कंटाळा असेल त्यानं सांगावं आणि मी लिहून घ्यावं.

खरं तर अभिप्राय महिनाभर आधीपासूनच येत होते. आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर म्हणाले, "पाच तासांचं नाटक अडीच तासांत? म्हणजे भरीत करायचं आणि वांगंच टाकायचं नाही." संगीताचे निवृत्त गुरुजी तर तालमीलाच येऊन बसायचे. वय ऐंशीच्या पुढे, पण कान तिखट. त्यांनी तरुणपणी हे नाटक मूळ कंपनीच्या तोंडून ऐकलेलं. एकेक पद कापलं गेलं की ते मान खाली घालून डोळे मिटायचे, जणू कुणाच्या तरी मयताला आले आहेत. आमचा दिग्दर्शक तिशीतला. तो त्यांना चहा द्यायचा आणि कापायचं ते कापायचाच.

त्या दिवसांत माय माझ्याकडे होती. माय म्हणजे माझी आई. गावात तिला सगळे अक्का म्हणतात. साक्रीकडच्या आमच्या गावी ती माझ्या भावाजवळ राहते, थंडीचे दोन महिने तेवढे माझ्याकडे जळगावला येते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, चौथी शिकलेली आहे आणि तिला या नाटकाची जवळजवळ सगळी पदं पाठ आहेत. नाटक मात्र तिनं कधीच पाहिलेलं नव्हतं.

पदं तिला आबांमुळे पाठ. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. धुळ्याला मुक्कामाची ड्यूटी असली आणि नाटक कंपनी गावात असली, की आबा खाकी कपड्यांतच नाटकाला जाऊन बसत. हे नाटक त्यांनी तीनदा पाहिलं. घरी आले की आंघोळीला बसल्या बसल्या गायला लागायचे. बादली ठेका धरायला. मायला ते दरवेळी म्हणायचे, "पुढच्या खेपेला तुला नेतो." पुढच्या खेपेला मी पोटात होते, त्याच्या पुढच्या खेपेला भाऊ तापानं फणफणलेला, आणि नंतर कंपनीच यायची बंद झाली. आबा जाऊन आता नऊ वर्षं झाली.

म्हणून पहिल्या प्रयोगाला मी मायला घेऊन गेले. रविवार, दुपारी चारची वेळ. मायनं लग्नकार्यात नेसायचं मोरपंखी लुगडं काढलं, अंबाड्यात शेवंतीची वेणी माळली आणि रिक्षात बसल्यापासून मला विचारत राहिली, "राजकुमार खरा गास का मशीन वाजाडतस?" खरंच गातात, मशीन नाही, असं मी तिला तीनदा सांगितलं.

नाटक तिनं कसं पाहिलं ते मला शेजारी बसून पाहता आलं, आणि मी रंगमंचापेक्षा तिच्याकडेच जास्त पाहत होते. नांदीला तिनं हात जोडले. विनोदी पात्र आलं की ती पदराआड न जाता मोठ्यानं हसायची. प्रत्येक पद सुरू झालं की तिचे ओठ हलायला लागायचे. कित्येकदा तिला पुढची ओळ गाणाऱ्याच्या आधी ठाऊक असायची, आणि ती तीच निघाली की ती माझ्या गुडघ्यावर हलकेच चापट मारायची.

दुसऱ्या अंकात नायकाचं ते मुख्य पद आलं. आमचा नायक एका पाइप कारखान्यात इंजिनियर आहे, पण गळा असा की दिवसभर यंत्रांच्या आवाजात असतो यावर विश्वास बसू नये. त्यानं सुरुवात केली:

शुभ्र चांदणे लेऊनी, ये सखी सामोरी,
कुंजवनी मी एकला, वाट पाहतो तुझी.

मायचे ओठ थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग रंगमंचाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"चुकना तो," ती म्हणाली. म्हणजे चुकला. हळू बोलायची तिला सवय नाही. पुढच्या रांगेतले दोघं मागे वळले.

पद संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. 'वन्स मोअर'चा गजर झाला. नायकानं हसून मान लववली आणि पद पुन्हा घेतलं. पुन्हा तेच शब्द.

"दुसरा डावले बी चुकना!" माय कपाळावर हात मारून म्हणाली. आता मागची रांगही हसली.

नाटक साडेसहाला संपलं. मी धावत जाऊन टेबलापाशी बसले, मायला शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. बघता बघता गर्दी झाली. लोक घरी जायलाच तयार नव्हते. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "लिहा मॅडम, अडीच तास मी मोबाईल काढला नाही. हे मी माझ्या परीक्षेलाही केलेलं नाही." सराफ बाजारातल्या एका काकांनी वहीत झोकदार अक्षरात लिहिलं की गायन उत्तम, परंतु राणीच्या गळ्यातला हार लांबूनसुद्धा खोटा दिसतो, पुढच्या वेळी आम्हाला विचारावं. एका गृहस्थांनी गाण्याबद्दल चकार शब्द न काढता मध्यंतरातल्या कचोरीचं कौतुक केलं. मी तेही लिहून घेतलं.

मग गुरुजी आले. काठी टेबलाला टेकवून उभे राहिले. आता फटके बसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"लिही," ते मला म्हणाले. "सात पदं कापली, त्याचा निषेध. तराणा कापला, त्याचा तीव्र निषेध. बाकी..." त्यांनी काठी उचलून पुन्हा टेकवली. "बाकी, पोरं गायली. मला वाटलं नव्हतं गातील. पण गायली."

मागे दिग्दर्शक उभा होता. त्यानं तिथल्या तिथे गुरुजींच्या पायांना हात लावला.

तेवढ्यात माय खुर्चीतून म्हणाली, "मनं बी लिख व." म्हणजे माझंही लिहून घे. "बठ्ठं गोड झायं." सगळं गोड झालं म्हणे. "पन त्या राजकुमारले ते गानं येत नई. त्यानी शब्द चुकाडात."

दिग्दर्शक पुढे आला. "अक्का, कोणतं गाणं?"

"ते चांदनंवालं. त्यामा चांदनं कोठे शे? त्यामा छत्री शे."

"छत्री?"

"हां. निळी छत्री."

आणि कुणी सांगायच्या आत मायनं ते गाऊनच दाखवलं. आवाज वयानं चिरका झालेला, पण चाल पक्की:

निळी छत्री घेऊनी, ये सखी सामोरी,
फाट्यावर मी दोन घडी, वाट पाहतो तुझी.

मीही लहानपणापासून हे पद असंच ऐकलेलं होतं. पण मी पुढे शिकले, छापील पदांचं पुस्तक वाचलं, आणि आबांनी चुकीचं पाठ केलं असेल असं समजून सोडून दिलं. मायनं पुस्तक कशाला वाचलं असतं?

गुरुजी खाली वाकले. "अक्का, मी हे नाटक मूळ कंपनीचं ऐकलंय. किती वेळा ते विचारू नका. असं कोणीच गायलं नाही. नाटक राजाराणीचं. त्यात फाटा कुठून येणार, आणि छत्री कुठून?"

"मंग आमना आबा कसाले तसं गायेत?" माय म्हणाली. मग तसं का गायचे ते?

तिचा प्रश्न संपता संपता तिचा चेहरा बदलला. मला ते आता नीट सांगता येणार नाही. आधी भुवया वर गेल्या, मग हात छातीशी गेला.

"अगं माय," ती म्हणाली. "ती छत्री तं मनी शे." तिची छत्री!

मग तिनं सांगितलं ते मलाही ठाऊक नव्हतं. लग्नाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आबांची गाडी साक्रीहून धुळ्याला जाताना दुपारी आमच्या गावच्या फाट्यावर थांबायची. गावापासून फाटा मैलभर. माय भाकरीचा डबा घेऊन तिथे जायची, डोक्यावर झाड नाही, ऊन रणरणतं, म्हणून आबांनी धुळ्याहून तिला निळी छत्री आणून दिली होती. गाडी दोन मिनिटं थांबायची. डबा द्यायचा, कालचा रिकामा डबा घ्यायचा, एवढंच. गाडीभर माणसांसमोर बोलणार काय? डबल बेल वाजायची आणि गाडी जायची.

"तठे एक शबूद नई बोलना तो मानूस कधी," माय म्हणाली. "आनि गानामा घाली दिधं माले! मी समजनू गानंच तसं शे!"

आणि ती हसायला लागली. अशी हसली की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पदर तोंडावर, आणि मध्येच "फसाडं माले, फसाडं!" असं म्हणून पुन्हा हसणं. फसवलं म्हणे. भोवती जमलेल्या बायका हसायला लागल्या, त्यातल्या दोघी-तिघी डोळेही पुसत होत्या. अर्धा रंग पुसलेला नायक आतून बाहेर आला होता. तो तिच्यापुढे जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "अक्का, मला शिकवा." सराफकाकांनी वन्स मोअर दिला. मायनं छत्रीचं पद दुसऱ्यांदा गायलं, आणि या वेळी तिला शब्दांचा अर्थ कळत होता. त्यामुळे 'सखी' म्हणताना ती लाजली.

पंधरा दिवसांनी धुळ्याचा प्रयोग होता. मधल्या काळात मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच वाद. धुळ्याला नायकानं छत्रीचे शब्द गावेत की नाही? अर्धे म्हणाले, गावेतच, लोक डोक्यावर घेतील. अर्धे म्हणाले, नाटककाराचे शब्द बदलायचा आपल्याला काय अधिकार? शेवटी दिग्दर्शकानं मायलाच फोन लावला. मायनं विचार करायला वेळ घेतला नाही.

"नको भाऊ," ती म्हणाली. "त्या शब्द मना शेत. तुम्हीन तुमनं गानं गावा."

वाद तिथेच मिटला. पण धुळ्याला प्रयोगाआधी नायकानं मायला रंगपटात बोलावून घेतलं. आम्ही जळगावहून एसटीनं गेलो होतो, गावाहून भाऊ आणि वहिनी आलेली. आत सगळे जण रंग लावून आरशांपुढे बसलेले. गुरुजी हार्मोनियम पुढ्यात घेऊन तयार होते. मायनं सूर धरला, तो त्यांनी दोन-तीन पट्ट्या चाचपून शोधून काढला आणि तिच्या मागोमाग वाजवत गेले. नायक हळू आवाजात साथ करत होता. राणी अर्धवट बांधलेल्या अंबाड्यानं दारात उभी राहून ऐकत होती.

पद संपल्यावर गुरुजींनी भात्यावरचा हात काढला. थोडा वेळ ते बोटांवर काहीतरी मोजत होते.

"तुमचे यजमान गाणं शिकले होते का?"

"नई हो. तिकिटं फाडेत."

"मग कमाल आहे. 'कुंजवनी मी एकला' काढून त्यांनी 'फाट्यावर मी दोन घडी' बसवलंय, आणि ताल कुठेही ढळलेला नाही. भल्याभल्यांना जमत नाही हे."

आबांच्या गाण्याला जाणकाराकडून मिळालेली ती पहिली आणि एकमेव दाद. भाऊ खिडकीतून बाहेर पाहायला लागला. माय मात्र ताठ बसली, आणि स्वतःच हे पद रचल्यासारखी सगळ्यांकडे पाहत राहिली.

त्या दिवशी प्रयोग जळगावपेक्षा रंगला. नायकानं ते पद छापील शब्दांत गायलं आणि मायनं शांतपणे, डोळे मिटून ऐकलं. अभिप्रायाच्या वहीत या वेळी तिनं स्वतः लिहिलं. मोठ्या, सुट्या अक्षरांत, प्रत्येक शब्दावर पेन दाबून: 'प्रधानाची मिशी दुसऱ्या अंकात सुटली. डिंक चांगला लावा. राणी फार गोड गाते. खुर्च्या अरुंद.' खाली पूर्ण नाव आणि गाव. दिग्दर्शकानं ते पान फोटो काढून ग्रुपवर टाकलं, आणि प्रधानानं त्याच दिवशी नवीन मिशी मागवली.

माय नंतर गावी गेली. तिनं तिथे काय काय सांगितलं कोण जाणे, पण शिरपूरच्या प्रयोगाला ती एकटी आली नाही. गल्लीतल्या आठ-दहा बायका जीप करून तिच्याबरोबर आल्या, डबे घेऊन, पानसुपारी घेऊन, आणि सगळ्यात पुढची रांग धरून बसल्या. टाळी कुठे द्यायची, वन्स मोअर कसा मागायचा, हे मायनं त्यांना वाटेतच शिकवलं होतं. फक्त कुठे थांबायचं ते शिकवायचं राहून गेलं असावं. एकही पद त्यांनी एकदा ऐकून सोडलं नाही. तिसऱ्या अंकात नायकानं चौथ्यांदा वन्स मोअर ऐकला तेव्हा तो पुढे आला, त्या रांगेसमोर हात जोडले आणि त्यांच्याच बोलीत म्हणाला, "माय वं, आते मना गळा बसना."

"बसू दे," पुढच्या रांगेतून आवाज आला. "पानी पे आनि गाय!"

आणि त्यानं खरंच पाणी मागवलं, घोट घेतला आणि गायला.