या बाईले ओळखता काय

डाव्या तळहातावर उजव्या हाताचं बोट फिरवत ते म्हणायचे, "मी सांगून राह्यलो, लिवून ठेवजो." भाजीवालीला, वायरमनला, माझ्या आईला, कुणालाही. सांगायचं एवढंच असायचं, की चूक समोरच्याची आहे. तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. पण त्याच्या आणि तुमच्या घराची भिंत एक नसेल. आमची होती.

तळेगावच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाशी लोण्यासारखे बोलायचे आणि उरलेलं सगळं आमच्यासाठी घरी आणायचे. आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो, कारण दुसरं काही म्हणायला आईची परवानगी नव्हती.

भांडण आमच्या पडवीच्या टिनाचं, म्हणजे छपराच्या पत्र्याचं. त्याचं पाणी त्यांच्या अंगणात पडायचं. ते रोज भिंतीशी येऊन बाबांना बोलायचे आणि बाबा खाली मान घालून ऐकायचे. आई तर अंगणात आवाज खाली आणूनच बोलायची, भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून. पंधरा वर्षांची असताना मी एकदा चारचौघांत म्हणाले, "पानी अंगनात नाई पडत काकाजी, तुमच्या डोक्यात पडते." तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. माझ्याविषयी मात्र बोलत राहिले.

लग्नानंतर दोन वर्षांनी मी एक बॅग घेऊन माहेरी परतले, त्या संध्याकाळी ते ओट्यावर उभे राहून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "असं तोंड असल्यावर कोनाच्या घरी टिकनार?" आई आत भांडी घासत होती. तिचा हात थांबला, ते मी पाहिलं. ते मी त्यांना कधीच माफ केलं नाही.

पुढे घटस्फोट झाला. नर्सिंग झालेलं होतं, मस्कतच्या एका रुग्णालयात नोकरी मिळाली. चौथ्या वर्षी पासपोर्टची मुदत संपत आली. तिथूनच नूतनीकरणाचा अर्ज केला आणि नवऱ्याचं नाव काढून टाका म्हणून कोर्टाची कागदपत्रं जोडली. दूतावासाच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, गावच्या पत्त्यावर पोलीस चौकशी होईल, मग मिळेल.

शिपाई आला त्या दिवशी आई-बाबा शेतात होते. घराला कुलूप, म्हणून त्यानं शेजारी विचारलं.

"थे इथं राहत नाई," काकाजी म्हणाले. "लिवून घ्या. लग्न करून गेलती, तिथंही राहत नाई. कुठं राहते, थे तिलेच ठाऊक."

शब्द न् शब्द खरा होता. मला पत्र आलं: अर्जदार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, खुलासा द्यावा. रुग्णालयानं सांगितलं, महिनाअखेर नवा पासपोर्ट दाखवा, नाहीतर करार वाढणार नाही.

खुलासा पाठवला. फेरचौकशी लागली. बाबा काकाजींकडे साक्ष मागायला गेले. त्यांनी बसा म्हटलं नाही. म्हणाले, "पहिले थो टिन काप."

सत्तरीच्या बाबांनी शिडीवर चढून पडवीचा हातभर टिन कापला. आई खाली शिडी धरून उभी. बाबांनी हे मला फोनवर असं सांगितलं, जणू घराची डागडुजी केली. मी जेवणाच्या सुट्टीत काकाजींना फोन लावला.

"कोन?"

"मी. शेजारची."

"फोनवर कोनीबी शेजारची होते. मले काय मालूम."

मग मी थांबले नाही. "माह्या बापाले या वयात शिडीवर चढवलं तुमी. पडले असते तं? तुमच्या घरी आरसा हाय का नाई, काकाजी?"

"तूच व्हय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्यांदा शिपाई आला तेव्हा बाबा समोर होते. त्यांनीच मला सांगितलं. शिपायानं माझा फोटो पुढे करून विचारलं, "या बाईले ओळखता काय?"

"ओळखतो काय, म्हनता? याच घरात जन्मली. चार वर्षांची होती तवापासून उलटून बोलते. मले चारचौघात बोलली. नवऱ्यासंग पटलं नाई. आता परदेशात नर्स हाय. कालपरवा फोनवरून भांडली. पन घर तिचं हेच. दुसरं घर नाई तिले. लिवून घ्या."

"एवढं नाई लागत, काकाजी."

"लागते. सारं लिवा." आणि त्यांनी बापाच्या नावासकट पूर्ण सही केली.

बाबांचं मत पडलं, माणूस वाईट नाही. माझं मत तसं नव्हतं, आजही नाही. पण 'दुसरं घर नाई तिले' हे वाक्य मस्कतच्या खोलीत मला पुन्हा पुन्हा ऐकू यायचं, आणि ते त्यांच्या तोंडून आलं याचा राग यायचा.

पासपोर्ट मिळाला, करार वाढला. सुट्टीवर आले तेव्हा ते ओट्यावर होते. "दाखव," म्हणाले. इतक्या वर्षांत समोरासमोर पहिला शब्द. हात धोतराला पुसून त्यांनी पासपोर्टचं शेवटचं पान काढलं. बापाचं नाव वाचलं, आईचं वाचलं. त्याखालच्या, नवऱ्याच्या नावाच्या कोऱ्या जागेवर अंगठा ठेवून म्हणाले, "इथं काई नाई."

"नाई."

"बरं हाय." पासपोर्ट परत देत लगेच म्हणाले, "तुह्या बापाले सांग, सायकल माह्या भिंतीले टेकवत नोको जाऊ."

त्याच वर्षी काकाजी गेले. आईचा फोन आला तेव्हा मी एका रुग्णाची पट्टी बदलत होते. बरं म्हणाले आणि पट्टी पूर्ण केली. रडू आलं नाही, उगाच आलं असं लिहिणार नाही.

आता पलीकडच्या घराला कुलूप आहे. काकू मुलीकडे राहतात. यंदा मी गावी गेले तर आई अंगणात काही सांगताना अजूनही आवाज खाली आणते. पलीकडे कुणी नाही, हे तिला माहीत आहे. मीही तिला हळूच उत्तर देते.