विधवा लॅथ्रपने कापलेलं पान

केझाया लॅथ्रपविषयी न्यू लंडनमध्ये दोन मतं आहेत. एक म्हणजे ती उर्मट होती आणि दुसरं म्हणजे ती फारच उर्मट होती. मी, डॉर्कस पूल, तिच्या छापखान्यात सव्वीस वर्षं पुस्तकं शिवली. मला विचाराल, तर या गावाला जेवढी लागते तेवढीच ती उर्मट होती.

तिचा बाप बंदरावर दोर वळायचा. सतराव्या वर्षी तिचं लग्न असाहेल लॅथ्रप या मुद्रकाशी झालं. असाहेलला खोकल्यातून सवड मिळेना, म्हणून खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचं काम हळूहळू तिच्याकडे आलं. जुळवलेले खिळे उलटे वाचायची तिला इतकी सवय झाली, की समोर बसलेल्या माणसाच्या हातातलं पत्र ती इकडूनच वाचून काढी आणि वर त्याला त्यातल्या चुकाही सांगे. असल्या बाईला मित्र कमी असतात.

असाहेल गेला त्याच आठवड्यात तिचा दीर यंत्र न्यायला बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला. केझायाच्या हाताला शाई होती. ती म्हणाली, "यंत्र जमिनीला ठोकलंय, भावजी, आणि मीही. गाडी रिकामी आणलीत, तशीच न्या." तो निमूटपणे गेला. पण प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर तळाशी 'छापणार असाहेल लॅथ्रप' हीच ओळ राहिली. विधवेने नवऱ्याचं नाव चालवायचं, ही रीतच होती. अकरा वर्षं असाहेल थडग्यात पडून प्रवचनं आणि पंचांगं छापत होता. गावात इतका कामसू मेलेला माणूस दुसरा नव्हता.

मग थँकफुल बड आली. अख्ख्या गावाची सुईण. माझी चारही पोरं तिच्याच हातांत जन्मली. तिने एक जाडजूड वही टेबलावर आपटली आणि म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं बघितलं ते लिहून काढलंय. माझे गुडघे गेले आता. रात्रीअपरात्री घोड्यावर बसवत नाही. मी नसेन तेव्हा पोरींनी काय करायचं?"

केझायाने उभ्या उभ्या दहा पानं वाचली. "नाव कुणाचं घालायचं?"

"लिहिलंय कुणी?"

"तू."

"मग विचारतेस काय?"

केझायाने वही मिटली. आणि म्हणाली, "मग खाली माझंही घालते." पुस्तक छापून झालं तेव्हा पहिल्या पानावर मधोमध थँकफुलचं नाव होतं आणि तळाशी, अकरा वर्षांनी, केझायाचं. तीनशे प्रती. मी शिवायच्या दोऱ्याला मेण लावून बसले होते.

तेवढ्यात पाद्री थेअर आले. सोबत नवे डॉक्टर फेसेंडन. डॉक्टर एडिनबरोहून शिकून आले होते आणि त्यांनी अजून एकही मूल स्वतःच्या हाताने जगात आणलं नव्हतं. पाद्रीसाहेबांनी ते पान दोन बोटांत धरलं.

"मजकूर चांगला आहे," ते म्हणाले. "म्हणूनच वाईट वाटतं. एका सुईणीचं नाव बघून कोण विश्वास ठेवेल? डॉक्टरसाहेब मोठ्या मनाने आपलं नाव द्यायला तयार आहेत."

आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो हा. डॉक्टर खिडकीबाहेर जहाजं मोजत असल्यासारखं बघत होते.

"आणि तळाशी असाहेलचंच असू दे," पाद्री पुढे म्हणाले. "मेलेल्या नवऱ्याचा मान ठेवावा."

"अकरा वर्षं ठेवला," केझाया म्हणाली. "आता त्यांना झोपू द्या."

पाद्रीसाहेबांना चेष्टा रुचली नाही. त्यांनी सरळ सांगितलं, ते पान रद्द करून नवं छापायचं, नाहीतर यापुढे चर्चचं एकही काम या छापखान्यात येणार नाही. आमचं सगळं घर प्रवचनांवर चालायचं. केझाया, खिळे जुळवणारी दोन माणसं आणि मी, सगळेच त्यावर जेवत होतो.

आमच्या धंद्यात पान रद्द करायची एक पद्धत आहे. मुद्रक त्या पानाला खालून मध्यापर्यंत कात्रीने उभी चीर देतो. चीर दिसली की शिवणारीला कळतं, हे पान मेलं. तिने ते कापून टाकायचं आणि नवं चिकटवायचं. सांगावं लागत नाही, विचारावं लागत नाही.

"ठीक आहे, कापेन," म्हणत केझायाने कात्री घेतली. पाद्रीसाहेब खुर्ची ओढून बसले आणि तिने तीनशेच्या तीनशे पानांना त्यांच्यादेखत चीर दिली. दोन्ही नावं चिरत. शिल्लक होता तो सगळा कागद डॉक्टरांच्या नावाचं नवं पान छापण्यात संपला. एक नमुना खिशात घालून पाद्रीसाहेब उठले. शिवणकाम बघायला ते थांबले नाहीत. बायकांच्या कामात काय बघायचं?

केझायाकडे पाठ करून मी बाकीची पानं शिवायला घेतली. मला तिचा इतका राग आला होता, की सुई दोनदा बोटात गेली. अकरा वर्षं दिराला, गावाला पुरून उरलेली बाई, आणि एका काळ्या डगल्यापुढे वाकली. ती मात्र शांतपणे बाहेर गेली आणि थँकफुलला घेऊन आली.

"डॉर्कस," ती म्हणाली, "तुझ्याकडे बारीक दोरा किती आहे?"

"कशाला? पानं कापायला दोरा लागत नाही."

"कापायला नाही. चिरा शिवायच्यात."

मी एक चिरलेलं पान तिच्यापुढे धरलं. "चिरलेलं पान ठेवायचं नसतं, केझाया. ही रीत आहे धंद्याची."

"रीत मला माहीत आहे. नवीन कागद नाही, म्हणून जुनंच शिवायचं. आणि कुणीतरी कापायला आलं होतं, हे वाचणारीला दिसलं तर बिघडलं कुठे?"

थँकफुलने माझ्या हातातून सुई घेतली. "केझाया, हिला कशाला सांगतेस? मी शिवते. फाटलेलं शिवण्यात जन्म गेला माझा. आणि हे पान तर ओरडतही नाही."

चार दिवस आम्ही तिघी शिवत बसलो. मक्याची भाकरी आणि खारा मासा खायचा, हात धुवायचे, परत बसायचं. नवी पानं केझायाने मासळीवाल्याला दिली. पाचव्या दिवशी पुस्तकं बाजारात गेली आणि शनिवारपर्यंत बायका दुकानात येऊन 'ते टाके घातलेलं पुस्तक' मागू लागल्या.

पाद्रीसाहेब आले ते कानापर्यंत लाल होऊन. "तू मला शब्द दिला होतास, विधवा लॅथ्रप."

"कापेन म्हटलं होतं. तुमच्यादेखत कापलं. शिवणार नाही असं कुठे म्हटलं होतं?"

चर्चचं काम तर गेलंच. पण पाद्रीसाहेबांचं तेवढ्याने भागलं नाही. तिच्यावर फसवणुकीचा ठपका आला. रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून तिने कबुली द्यायची, नाहीतर चर्चमधून बाहेर. आमच्याकडे बायकांनी सभेत तोंड उघडायचं नाही, अगदी स्वतःचा गुन्हा सांगायलाही नाही. कबुलीचा कागद पाद्री लिहितो, पाद्रीच वाचतो आणि बाईने मान खाली घालून ऐकायचं. मी लहानपणापासून कितीतरी बायका तशा उभ्या राहिलेल्या पाहिल्या होत्या. एकीचीही मान वर पाहिली नव्हती.

त्या रविवारी केझाया मधल्या वाटेत उभी राहिली. पाद्रीसाहेबांनी कागद उघडला.

"मला वाचता येतं," ती म्हणाली. "माझी कबुली मी आणली आहे."

तिने झग्याच्या खिशातून ते पुस्तक काढलं आणि पहिलं पान वाचलं. "बाळंतपणाविषयी साध्या सूचना. लिहिणार, थँकफुल बड, सुईण. छापणार, केझाया लॅथ्रप, न्यू लंडन, तिच्या स्वतःच्या छापखान्यात."

माझ्या शेजारी थँकफुल रडत होती. सगळ्या गावाचं रडणं ऐकलेल्या त्या बाईला रडताना मी प्रथमच पाहिलं. मला तर उठून नाचावंसं वाटत होतं.

"बस खाली," पाद्री म्हणाले.

"अजून एकशे बारा पानं आहेत," केझाया म्हणाली, आणि तिने पान उलटलं.

पहिलं प्रकरण खऱ्या कळा कशा ओळखायच्या याचं होतं. पुरुषमंडळी आपापल्या टोपीकडे बघू लागली. डॉक्टर फेसेंडन तर बाकाखाली काही पडल्यासारखे वाकले. पाद्रीसाहेबांनी भजन सुरू करायला सांगितलं, पण सूर धरायचा म्हातारा कोगन, आणि त्याच्या सुनेला आठवा महिना लागला होता. त्याने तोंडच उघडलं नाही. केझाया आपल्या कोरड्या, छापील आवाजात वाचत राहिली. ती तिसऱ्या पानावर आली तेव्हा बायकांच्या बाकांवरून कोगनची ती सून दोन्ही हातांनी पोट सावरत उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "जरा मोठ्याने वाचा. इथे मागे ऐकू येत नाही."